‘असली मिस्क’ विकणाऱ्यांना आणि मागणाऱ्यांनाही

पांढरी कस्तुरी नावाची वस्तू निसर्गात नाही. कस्तुरी ओली असताना तांबूस मलमासारखी आणि सुकल्यावर काळपट, दाणेदार असते. तरीही आपल्या अत्तराच्या दुकानांत दुधासारखा पांढरा, दाट द्रव ‘असली मिस्क’ म्हणून राजरोस विकला जातो. खोक्यावर हरणाचे चित्र असते आणि त्या हरणाला भरघोस, फांद्या फुटलेली शिंगे असतात. कस्तुरीमृगाला शिंगेच नसतात. नराला वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन लांब सुळे असतात, तीच त्याची ओळख. म्हणजे ज्याने ते खोके छापून घेतले त्याने हा प्राणी पुस्तकातही पाहिलेला नाही. चित्राखाली ‘सुन्नत’ आणि ‘अल्कोहोल फ्री’ हे शब्द, आणि किंमत दीडशे रुपये.

माझा राग अत्तरावर नाही, हे आधीच सांगते. जुम्याच्या दिवशी कानात अत्तराचा फाया घालून निघणाऱ्या माणसांच्या घरात मी वाढले. आखातातून सुट्टीवर आलेल्या मामांच्या बॅगेतून पहिल्यांदा काय बाहेर यायचे, तर अत्तराच्या कुप्या. तो वास मला आजही आवडतो. राग आहे तो ‘असली’ या एका शब्दावर. कुपीत खरी कस्तुरी नसेल, तर विकणारा खोटे बोलतो आहे. असेल, तर तो कायद्याने गुन्हा करतो आहे आणि त्या कुपीसाठी हिमालयात कुठेतरी एक जीव गेला आहे. यातून तिसरी वाट निघत नाही. आणि या दोन्हींवर दीनचे लेबल लावले जाते, तेव्हा गप्प बसणे मला जमत नाही.

आधी कस्तुरी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण अर्धा धंदा आपल्या अज्ञानावर चालतो. कस्तुरीमृग हा खऱ्या अर्थाने हरीणही नव्हे. प्राणिशास्त्रात त्याचे कुळ वेगळे धरले जाते. साधारण शेळीएवढा, दहा-पंधरा किलोचा, एकटा राहणारा आणि कमालीचा बुजरा प्राणी. हिमालय, तिबेट, चीन, कोरिया, मंगोलिया, सायबेरिया हा त्याचा मुलूख. फक्त नराच्या पोटाखाली, बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधे, एक पिशवी असते. तिच्यात जमा होणारा स्राव म्हणजे कस्तुरी. माद्यांना बोलावण्यासाठी आणि आपला इलाखा आखण्यासाठी निसर्गाने ती त्याला दिलेली आहे. आपल्याच बेंबीतला वास शोधत तो रानोमाळ वेड्यासारखा धावतो ही उपमा संतांच्या आणि शायरांच्या फार कामाची आहे, मी स्वतः वर्गात ती वापरते, पण प्राण्याला असला काही भ्रम होत नाही. आपला वास कुठून येतो हे त्याला चांगले ठाऊक असते. भ्रम गिऱ्हाइकाला होतो.

शब्दाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. अरबी ‘मिस्क’ आला फारसी ‘मुश्क’वरून, आणि फारसी ‘मुश्क’ आला संस्कृत ‘मुष्क’वरून. मुष्क म्हणजे अंडकोष. पिशवीचा आकार पाहून पडलेले नाव. इंग्रजी ‘मस्क’ही याच वाटेने पुढे गेला. उर्दूच्या तासाला मुली विचारतात, टीचर, मुश्क कुठून आला, तर मी फारसीपाशी थांबते. पण यातून एक गोष्ट लक्षात यावी. ज्याला आज ‘अरबी खुशबू’ म्हणून डोक्यावर घेतले जाते, तो माल अरबस्तानात कधीच तयार होत नव्हता. तो हिमालयापलीकडून हिंदुस्थानात यायचा आणि इथून जहाजाने जायचा. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर दारीन नावाचे बंदर होते. हिंदुस्थानातून येणाऱ्या कस्तुरीसाठी ते इतके प्रसिद्ध होते, की अरबीत ‘दारी’ म्हणजे अत्तरवाला असाच अर्थ रूढ झाला. पैगंबरांच्या (स.) काळात मदिनेत पोहोचणारी कस्तुरी ही अशी दूरची, दुर्मीळ आणि महाग चीज होती.

आणि महाग चीज म्हटली की भेसळ आलीच. कस्तुरीचा इतिहास वाचावा तर निम्मा भेसळीचाच इतिहास निघतो. दहाव्या शतकातल्या मसऊदीने तिबेटी आणि चिनी कस्तुरीची तुलना केली आहे. तिबेटी सरस का, तर तिथला प्राणी सुगंधी वनस्पती खातो, आणि तिथले लोक पिशवी आहे तशी विकतात. चिनी मालात मात्र भेसळ होते आणि वरून समुद्राची ओल लागते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या शंभरेक वर्षे आधीच्या अल-किंदी यांच्या नावावर असलेल्या सुगंधशास्त्राच्या ग्रंथात तर महागड्या द्रव्यांच्या नकला कशा बनवाव्यात याच्या कृतीच दिल्या आहेत. बाजारावर नजर ठेवणाऱ्या मुहतसिबांसाठी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत अत्तरवाल्यांवर वेगळे प्रकरण असायचे: कस्तुरीत काय काय मिसळतात आणि ते कसे ओळखायचे. म्हणजे आपल्या पूर्वजांना आपल्या अत्तरवाल्यांवर आंधळा भरवसा नव्हता. त्यांनी तपासनीस नेमले होते. आपण चित्रातल्या शिंगांवरही हरकत घेत नाही.

सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने पाटण्याच्या बाजारातून एका खेपेत सात हजारांहून जास्त कस्तुरीच्या नाभी विकत घेतल्याची नोंद केली आहे. सात हजार नाभी म्हणजे सात हजार नर. एका व्यापाऱ्याची एक खेप! त्यानेच लिहून ठेवले आहे की नाभी वजनाला भराव्यात म्हणून त्यांत शिशाचे बारीक तुकडे सरकवले जात. प्राण्याच्याच कातडीच्या छोट्या थैल्या शिवून त्यांत रक्तबिक्त भरून त्या नाभी म्हणून विकल्या जात. हे बंद व्हावे म्हणून भूतानच्या राजाने नाभी तपासून, त्यांवर आपली मोहोर उठवूनच बाहेर जातील असा हुकूम काढला. लोकांनी मोहोरेच्या आतही शिसे घातले. आज उरुसात आणि जत्रेत चादर अंथरून केसाळ गोळे विकायला बसणाऱ्याची कुळकथा ही अशी तीन-साडेतीनशे वर्षे तरी मागे जाते.

आता मुद्द्याचे. कुरआनात कस्तुरीचा उल्लेख किती वेळा आहे? एकदा. जन्नतमधल्या पेयावर कस्तुरीची मोहोर असेल, असा. अत्तराच्या जाहिरातीत ही आयत हमखास असते, सुंदर अक्षरात, सोनेरी शाईत. पण ती कोणत्या सूरहमध्ये आहे हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. ती ८३ वी सूरह आहे, ‘अल-मुतफ्फिफीन’. नावाचा अर्थ माप मारणारे, तोलात लबाडी करणारे. सूरहची सुरुवातच त्यांच्या धिक्काराने होते: घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांना पुन्हा उठवले जाणार आहे याचा विचार तरी शिवतो का? या इशाऱ्यापासून पुढे गेल्यावर, सव्वीसाव्या आयतीत, नेक लोकांच्या वाट्याला येणारी ती कस्तुरीची मोहोर आहे. ज्या एकाच सूरहमध्ये कस्तुरी आहे ती खोट्या मापाच्या निषेधाने सुरू होते. त्यातली एक ओळ कापून खोट्या मालावर चिकटवायची, याला काय म्हणावे? मी भाषाशिक्षक आहे. संदर्भ सोडून ओळ उचलली तर मी मुलींचे गुण कापते.

हदीसचेही तसेच. चांगला सोबती कस्तुरी विकणाऱ्यासारखा असतो आणि वाईट सोबती लोहाराच्या भात्यासारखा, ही हदीस पुष्कळ दुकानांत पाटीवर लावलेली दिसते. जणू ती दुकानदाराचे प्रशस्तिपत्रच आहे. पण त्या दृष्टांतातला विक्रेता चांगला कशाने ठरतो? त्याच्याकडे जे आहे ते खरे आहे म्हणून, आणि जवळून जाणाऱ्यालाही त्याचा फुकट लाभ होतो म्हणून. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानायला नकार दिला, ही हदीस मात्र मी कुठल्या अत्तराच्या दुकानात पाटीवर पाहिलेली नाही. पाहिली असेल कोणी तर कळवा, मी जाऊन तिथूनच अत्तर घेईन.

‘पण आमच्याकडे खरोखरच असली असते,’ असे सांगणारेही भेटतात. कुजबुजत सांगतात, कपाटातून काढून दाखवतात, ‘तिबेटी’ म्हणतात, आणि तोळ्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक भारावते. यांच्याशी बोलताना मी अंकगणितावर येते. एका पूर्ण वाढलेल्या नराच्या पिशवीत सरासरी २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर थोडा. म्हणजे एक तोळा शुद्ध कस्तुरी म्हणजे जवळजवळ अर्धा नर. एक किलोला चाळीस नर. आणि हे फक्त नर झाले. शिकारी डोंगरकड्यांच्या पायवाटांवर तारेचे फास लावून ठेवतात. फासाला नर-मादी कळत नाही. मादी अडकते, पाडस अडकते, ज्याची पिशवी अजून भरलेली नाही असा कोवळा नर अडकतो. त्यांच्यापैकी कोणाकडेच कस्तुरी नसते. ते फुकट मरतात. मादी वर्षाला एक, फार तर दोन पाडसे देते. हिशोब कसा जुळणार? कस्तुरीमृगाच्या सात जाती मानल्या जातात आणि त्यांतल्या सहा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहेत.

यावर ठरलेले उत्तर येते, की मारावे लागतच नाही, पिशवी पिकली की प्राणी ती दगडावर घासतो, सांडलेली कस्तुरी लोक गोळा करतात. ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीच्या अरबी ग्रंथांतही आहे, नवी नाही. पण मग तुम्ही मला जी दाखवता ती अख्खी नाभी कुठून आली, कातड्यासकट, केसांसकट? दगडावर सांडलेल्या द्रवाला केस नसतात. चीनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्राणी पाळून, न मारता कस्तुरी काढण्याचे प्रयोग झाले हे खरे आहे. पण पिंजऱ्यात हा बुजरा जीव कष्टी असतो, आणि तिथला माल तुमच्या गल्लीतल्या दुकानात येण्याला कायदेशीर वाट नाही. आपल्या देशात कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. त्याची कस्तुरी विकणे, विकत घेणे, बाळगणे यांना किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. भारत १९७६ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे आणि त्या करारानेही आपल्याकडच्या कस्तुरीमृगाच्या व्यापाराला बंदी आहे. उत्तराखंडने तर त्याला राज्यप्राणी केले आहे. मामांनी आखातातून आणली म्हणून ती कायदेशीर होत नाही.

इथे काही मराठी वाचक मनात म्हणतील, हा तुमच्या लोकांचा प्रश्न. तसे नाही. तुकोबांच्या विठोबाच्या कपाळीही कस्तुरीच आहे. आयुर्वेदातला कस्तुरीभैरव रस कोणासाठी होता? पूजासाहित्याच्या दुकानात ‘असली कस्तुरी’च्या डब्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांवरच्या हरणालाही शिंगेच होती. बहुधा छापखाना एकच असावा. पण दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवण्याआधी आपले दुकान झाडावे, म्हणून मी माझ्या लोकांशी बोलते आहे.

आपल्या फकीहांनी कस्तुरीवर किती बारकाईने विचार केला होता, हे मला वारंवार आठवते. जिवंत प्राण्यापासून कापलेला तुकडा मुरदार मानला जातो, हा सर्वसाधारण नियम. कस्तुरी तर प्राण्याच्या अंगातलीच. मग ती पाक कशी? त्यांनी प्रश्न टाळला नाही. ती कुठून येते, कशी बनते, पिशवी जिवंतपणी सुटली की मेल्यावर, यावर बोलले, मतभेद नोंदवले आणि खुद्द पैगंबरांनी (स.) ती वापरली या आधारावर तिला पाक ठरवले. प्राण्याचे मूळ विचारणे हा फिक्हचाच भाग होता. आज मूळ विचारणाऱ्यावर ‘दीनमध्ये शंका काढते’ असा शेरा येतो. त्या काळी डोंगरांत हा प्राणी मुबलक होता. आज तो संपत चालला आहे. नाहक मारलेल्या चिमणीचाही जाब द्यावा लागेल असे शिकवणाऱ्या परंपरेत, कानातल्या फायासाठी फासात अडकून मेलेल्या मादीचा जाब कोण देणार?

सर्वांत वाईट प्रकार मी अजून सांगितलाच नाही. तो लिहायला संकोच वाटतो, पण लिहिणार आहे.

‘मिस्क तहारा’ हा तो पांढरा द्रव. तहारा म्हणजे पाकी. तो मुद्दाम बायकांसाठी विकला जातो, नाजूक जागी लावायला. जाहिरातीत पाळीनंतरची सुन्नत असे सांगितले जाते आणि त्याला जोडून, श्वेतप्रदर थांबतो, जंतू मरतात, त्वचा उजळते, नवरा खूश राहतो, असे वाटेल ते. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीची आई मला शाळेच्या व्हरांड्यात गाठून म्हणाली, “आपा, दुकानवाला बोला असली है, कुछ नहीं होता.” मुलीला पुरळ उठून चालता येत नव्हते. आईने तिला ते कोणत्या हेतूने दिले होते? मुलीने पाक राहावे, सुन्नत पाळावी, एवढ्याच. डॉक्टरीण बाईंनी ते बंद करायला सांगितले आणि पोर चार-पाच दिवसांत बरी झाली. मी त्या दुकानात जाऊन विचारले, यात आहे काय? तो म्हणाला, “खुशबू है आपा, और क्या.” मनुष्य वाईट नव्हता. त्यालाही ठाऊक नव्हते. बाटल्यांवर माहिती नव्हतीच, मग त्याला तरी कुठून असणार?

ज्या हदीसच्या नावाने हे विकले जाते ती आपण नीट वाचू या. एका अन्सारी स्त्रीने पाळीनंतरच्या गुस्लबद्दल विचारले. पैगंबरांनी (स.) पाण्याने स्वच्छ होण्याची रीत सांगितली आणि कस्तुरी लावलेला कापसाचा अथवा लोकरीचा बोळा घ्यावा असे सांगितले. तिला उमगेना, ते संकोचले, तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी तिला जवळ ओढून हळूच समजावले की जिथे रक्ताचा माग राहिला असेल तिथे तो फिरवायचा. हेतू साधा: रक्ताचा उरलेला वास जावा. यात इलाज नाही, रंग उजळणे नाही, नवऱ्याची खुशी नाही. इमाम नववींसारखे विद्वान सांगतात की कस्तुरी नसेल तर दुसरे सुगंधी द्रव्य चालेल, आणि तेही नसेल तर पाणी पुरे. पाणी पुरे! हे दोन शब्द त्या कुपीवर छापले तर कुपी विकली जाणार नाही. आणि सुन्नत जर कस्तुरीचीच पकडायची, तर या पांढऱ्या द्रवात कस्तुरीचा कणही नाही, मग ही सुन्नत कोणत्या अर्थाने? आजचे डॉक्टर सांगतात की त्या भागाची स्वच्छता शरीर स्वतः राखते, सुगंधी पदार्थांनी तिथे आग आणि खाज होते. हजरत आयेशांनी (रजि.) अन्सारी बायकांचे कौतुक केले होते, की लाज त्यांना दीन समजून घेण्याच्या आड येत नाही. आमच्या मुलींना विचारण्याची लाज शिकवली गेली, आणि त्या लाजेवर एक बाजारपेठ उभी राहिली.

मग कुपीत असते तरी काय? ही कथा मला कस्तुरीच्या कथेइतकीच आवडते. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटके बनवण्याच्या खटपटीत होता. टीएनटीच्या जातकुळीतले संयुग बनवताना त्याच्या नाकाला कस्तुरीसारखा वास आला. स्फोटकाऐवजी सुगंध सापडला. त्यातून नायट्रो मस्क नावाचे एक घराणेच निघाले, स्वस्त आणि दमदार. १९०६ मध्ये वालबाउमने खऱ्या कस्तुरीतला गंधाचा मूळ घटक वेगळा काढला. त्याचे नाव मस्कोन. त्याची रचना १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिका यांनी उलगडली. पंधरा कार्बन अणूंचे एक मोठे कडे! एवढे मोठे कडे टिकूच शकत नाही, असा तेव्हाच्या रसायनशास्त्राचा समज होता. हिमालयातला एक बुजरा प्राणी ते पोटाखाली घेऊन आरामात हिंडत होता. रुझिका यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या मोठ्या कड्यांवरच्या कामाचा मोठा वाटा आहे. आज मस्कोन प्रयोगशाळेत बनते. रेणू तोच. खऱ्या कस्तुरीत त्याच्या जोडीला आणखी पुष्कळ घटक असतात, त्यामुळे जाणकार नाकाला फरक कळेलही. पण अशी जाणकार नाके आपल्यात किती? कच्ची कस्तुरी थेट हुंगली तर तिचा उग्र दर्प डोक्यात जातो. ती अगदी थोडी घेऊन, तेलात किंवा अल्कोहोलमध्ये दिवसेंदिवस मुरवल्यावर तिचा सुगंध उमलतो. अत्तरात तिचे खरे काम तर दुसऱ्या वासांना धरून ठेवण्याचे. गुलाब-मोगऱ्याचे वास लवकर उडतात, कस्तुरी त्यांना बांधून ठेवते. ते काम कृत्रिम मस्क चोख करतात.

म्हणून दीडशेच्या कुपीत कृत्रिम मस्क असणे यात काहीही वाईट नाही. उलट माझ्या मते तेच बरे. वाईट आहे ते लपवणे. कारण सगळे कृत्रिम मस्क सारखे नसतात. मस्क अँब्रेट या नायट्रो मस्कमुळे उन्हात त्वचेला त्रास होतो आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो असे आढळल्यावर युरोपात तो सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाला. मस्क झायलीन निसर्गात विघटन न होता साचून राहतो, म्हणून त्याच्यावरही तिथे निर्बंध आले. पुढे आलेल्या गॅलक्सोलाइडचे अंश नद्यांच्या पाण्यात आणि आईच्या दुधातही सापडले आहेत. आपल्या कुपीत यांतले कोणते आहे? ‘असली’ लिहून टाकले की हा प्रश्नच विचारता येत नाही. ‘अल्कोहोल फ्री’ या शब्दांनीही तेच होते. अल्कोहोल नाही, ठीक. मग अत्तर कशात पातळ केले आहे? स्वस्त अत्तरांत बहुतेकदा डायइथाइल थॅलेट नावाचे द्रावक असते. ते हलाल की हराम हा माझा प्रश्न नाही. ते आहे, एवढे लिहा.

‘कृत्रिम लावले तर सुन्नतचा सवाब मिळणार नाही,’ असा निरोप दर रमजानात फोनवर फिरतो. मी आलिम नाही, पण इतके वाचता मला येते: पैगंबरांना (स.) सुगंध प्रिय होता, कस्तुरीला त्यांनी उत्तम सुगंध म्हटले, आणि दिलेला सुगंध नाकारू नये असे शिकवले. सुन्नत सुगंध लावण्याची आहे. तोळ्याने मोजून मृग संपवण्याची नाही.

दुकानदारांकडे मागणी तीन-चार शब्दांची आहे. ‘असली’ खोडा. ‘कृत्रिम मस्क’ लिहा, कोणता ते लिहा, कशात मिसळला ते लिहा. तहारा नावाची बाटली काढून टाका. निदान तिच्यावरचे इलाजाचे दावे तरी आज खोडा. मशिदीच्या बाहेर गाळा असेल तर हे आधी करा. आणि मागणाऱ्यांनो, ‘भाई, असली दिखाओ’ हे वाक्य आपण सोडू या. तुमच्या या वाक्यामुळेच त्याला खोटे बोलावे लागते. खात्यापित्या घरांत, ईदच्या भेटीत ‘तिबेटी आहे’ असे हळूच सांगण्याची जी मिजास आहे, तिच्यावर लोक अवाक होऊ नयेत. ‘पावती आहे का?’ असे विचारावे.

आणि ज्यांना प्राण्याचेही नको, कारखान्याचेही नको, त्यांच्यासाठी कस्तुरी भेंडी आहे. भेंडीच्याच जातीचे झुडूप, पिवळे फूल, आणि बियांना कस्तुरीसारखा मंद वास. युनानीत त्या बियांना मुश्कदाना म्हणतात. अंबाडी-भेंडीला चालते तशी जमीन तिला चालते. मी दोन वर्षे कुंडीत लावते आहे. बी हातावर चोळले की वास येतो, कपड्यांच्या घडीत चार दाणे टाकले की महिनाभर राहतो. बाकी माझ्या कपाटात एक मस्कची कुपीही आहेच. दुकानदाराकडून तिच्या चिठ्ठीवरचा ‘असली’ खोडून घेतला आणि पेनने ‘कृत्रिम’ लिहून घेतले. तो लिहिताना म्हणाला, “आपा, ऐसा लिखूंगा तो कौन लेगा?” मी म्हटले, मी घेते आहे ना. त्याने लिहिले, आणि दहा रुपये कमी केले.